तारेच्या यंत्रामागचा डबा

अण्णा,

तुमचा तंबाखूचा डबा अजून आहे. माय त्यात मेथ्या ठेवते. झाकणावरचं चित्र घासून गेलंय, पण यंत्राची लाकडी चौकट जिथं टेकायची तिथला पोचा तसाच आहे. चुलीपाशी बसलं की तो बरोबर डोळ्यांसमोर येतो, आणि कालपासून मला त्याच्याकडे बघवत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी परकर नेसायची. आता मी परभणीत मुलींच्या शाळेत शिकवते. हैदराबादेला राहून, सगळं उर्दूतून शिकून बी.ए. झाले. आपल्या घराण्यात नांगर सोडून नोकरीला लागलेले तुम्ही पहिले आणि पदवी घेतलेली मी पहिली, असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तुम्हाला हे कुणी कळवलं नसेल म्हणून आधी लिहिलं. खरं लिहायचं आहे ते कालचं.

पेडगावच्या स्टेशनातलं आपलं क्वार्टर मला खोलीखोलीनं आठवतं. खोल्या तरी किती, दोनच. स्वयंपाकाच्या खोलीची भिंत तुमच्या कचेरीला लागून होती आणि भिंतीपलीकडे तारेचं यंत्र दिवसभर कटकटत असायचं. एकाच तारेवर सगळी स्टेशनं, त्यामुळे सेलूनं परभणीला काही म्हटलं तरी ते आपल्या भिंतीत वाजायचं. तुम्ही जेवायला आलात की आपल्या स्टेशनचं नाव चुकून ऐकायचं राहू नये म्हणून यंत्रामागे तो रिकामा डबा उभा करून यायचात. मग आवाज असा खणखणीत व्हायचा की माय म्हणायची, "माझ्या सवतीला जरा गप करा की. लेकराला घास गिळू देईना." तुम्ही हसायचात आणि ताटाच्या कडेवर बोटानं आपल्या स्टेशनचं नाव वाजवून दाखवायचात. तेवढं मला शिकवलंत. बाकीचं मोठी झालीस की शिकवतो म्हणालात. मला तार वाचता येत नाही अण्णा, आपलं नाव तेवढं ओळखू येतं.

पण डबा वाचता यायचा. कधी कधी जेवता जेवता तुमचा हात थांबायचा. तुम्ही उठून कचेरीत जायचात आणि एकदम भिंतीतला आवाज दबायचा, जसं कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवला. डबा काढलेला असायचा. माय भाकरी थापायची थांबायची. तव्यावरची करपायची, तरी ती उलटायची नाही. मग तुम्ही परत यायचात, उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी प्यायचात आणि म्हणायचात, "काई न्हाई. गाडी लेट हाय." वाईट खबर घरात ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही डबा काढत होता, हे मला फार लवकर कळलं. आमच्यापैकी कुणाला तार कळत नव्हती, तरी तुम्ही काढायचात. त्यामुळे झालं असं की मला मोठ्या आवाजाची कधी भीती वाटली नाही. मी दचकायची ती आवाज लहान झाला की. अजून तसंच आहे. वर्गात मुली एकदम गप्प झाल्या तरी मी आधी भिंतीकडे बघते.

एक दुपार आठवते. आपल्या अंगणात गँगमनची बायको जात्यावर बसलेली, मायशी हसत बोलतेय, आणि आवाज दबतो. मी धावत कचेरीत येते. तुम्ही खाली मान घालून लिहीत आहात, डबा बाजूला पडलाय. मी तो उचलून परत यंत्रामागे लावते. मला वाटतं, डबा जागेवर गेला की सगळं नीट होईल. तुम्ही माझं मनगट धरता. तेवढ्या जोरात तुम्ही मला कधीच धरलं नव्हतं. "जे आपल्या नावानं आलं न्हाई, ते घरात न्यायचं न्हाई," म्हणता, आणि बाहेर जाऊन त्या बाईला सांगता की गाडी लेट आहे. संध्याकाळी तिच्या नवऱ्याला ट्रॉलीवर घालून आणलं. दुधनेच्या पुलावर इंजिनाखाली सापडला होता. तुम्हाला दुपारीच ठाऊक होतं. मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. मोठी झाल्यावर मी खोटं बोलणार नाही असं मनाशी ठरवलं ते त्याच दिवशी. आता वर्गात मुलींना हेच सांगते.

आणि तुम्ही तापानं पडलात तेव्हा बदलीवर आलेला बाबू वेगळा होता. त्याला आपली रीत कुठली माहीत. तो डबा हलवतच नव्हता. भिंतीतून यंत्र खणखणत होतं आणि मी मायला म्हणत होते, माय, डबा जागेवर हाय, अण्णा बरे होनार. तुम्ही गेलात तेव्हाही ते तसंच मोठ्यानं वाजत होतं.

आता सध्याचं. तुम्ही पाहिलं ते हैदराबादचं राज्य अजून आहे, पण रस्त्यावर कुणाचं चालतं ते कळत नाही. गाड्यांत खाकी कपड्यांतली, बंदुका घेतलेली माणसं चढतात. ती कुणाच्या हुकमानं चढतात हे कुणी विचारत नाही. अर्धी आळी सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात निघून गेली. मामा वाशीमला गेला, जाताना आमच्यासाठीही बैलगाडी सांगून ठेवली होती. मी नाही म्हटलं. शाळेत अजून थोड्या मुली येतात, शिक्षिका गेली तर त्या कुणाकडे बघणार, असं मी मोठ्या तोंडानं बोलले. मामा म्हणाला, "तुझ्या पुस्तकापायी मायला मारशील." माय म्हणाली, "तिचा बाप बी ठेसन सोडून हलत नव्हता." आणि राहिली. तेव्हा तिला काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मी तेव्हापासून उशाशी घेऊन झोपते. गेल्या आठवड्यात मावशी बाळंत झाली म्हणून माय सेलूला गेली. मी अडवलं तर म्हणाली, "लेकरं जन्मायची थांबत्यात व्हय?" काल दुपारच्या पॅसेंजरनं ती परत यायची होती.

परभणीच्या स्टेशनात तुमच्या हाताखाली काम शिकलेले ते चाचा आता तारबाबू आहेत. दाढी पांढरी झाली. मला पाहिलं की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. काल म्हणाले, "बेटी, बाहर नक्को ठैरो. उदर जनाने में बैठो. आवाज आतीच तुमारे कू." जनाना वेटिंगरूमची भिंत कचेरीला लागून आहे. आत गेले तर भिंतीतून यंत्र खणखणत होतं, अगदी आपल्या स्वयंपाकघरासारखं. तुमची डब्याची युक्ती त्यांनी उचलली होती. मला इतका धीर आला की मी भिंतीला पाठ टेकून बसले.

खोलीत बायका होत्या. त्यातली एक झरीची, कडेवर पोर, दंडाला ताईत. तिचा नवरा सेलूला बैल बघायला गेलेला, तोही याच गाडीनं येणार. मी भिंतीकडे कान देऊन बसलेली पाहून ती सरकत जवळ आली. "बाई, तुमी शिकलेल्या दिसता. ते काय म्हणायलंय?" मला खरं तर म्हणायला हवं होतं की मला कळत नाही. मी म्हटलं, "सगळं ठीक आहे." डबा जागेवर होता, म्हणून म्हटलं. तिला हुरूप आला. "आमचा मानूस लय भित्रा हाय बघा. बैलाच्या शिंगाला भेत न्हाई, पर रेल्वेत बसला की दोनी हातानं दांडी धरतो, उतरायचं ठेसन आलं तरी सोडंना. मागल्या टायमाला मीच बोटं उकलून खाली घेतला." बायका हसल्या. मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

आणि आवाज दबला.

बाकीच्यांना काही कळलं नाही. एकीनं पानाचा विडा तोंडात टाकला. मी मात्र उठून उभी राहिले. भिंतीत यंत्र चालूच होतं, बारीक, घाईघाईनं, आणि त्यात आपल्या पेडगावचं नाव येत होतं, पुन्हा पुन्हा. तेवढंच मला ओळखू येतं आणि तेवढंच येत होतं. सेलूहून येणारी गाडी पेडगावावरूनच येते. मी कचेरीच्या खिडकीशी गेले. डबा टेबलावर आडवा पडला होता. चाचा लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "कुछ नई बेटी. गाडी लेट है." त्यांच्या हातातली पेन्सिल कागद फाडत होती. मी परत आले तेव्हा झरीची बाई दारातच उभी. "काय झालं?" अण्णा, मी म्हटलं, "काही नाही. गाडी लेट आहे." तुमचाच आवाज निघाला. मग मी कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्याले.

गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. प्लॅटफॉर्मवर कुणी ओरडत नव्हतं. लोक डब्यांतून खाली मान घालून उतरत होते, जशी काही चोरी करून आलेत. माय शेवटच्या डब्यातून उतरली, हातात मावशीनं दिलेली मेथ्यांची पुरचुंडी. मी तिला धरलं आणि सोडलंच नाही. तिच्या खांद्यावरून मला झरीची बाई दिसत होती. ती एकेका डब्यात डोकावत पुढं चालली होती, शेवटी इंजिनापर्यंत गेली आणि तिथून परत यायला लागली. माझ्याजवळ आली. "न्हाई आले," म्हणाली. "बैल पटले नसतील. उद्याच्या गाडीनं येतील ना हो?" मी मान हलवली. कशी हलवली ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर मायनं हातपाय धुतले, पुरचुंडी सोडून मेथ्या डब्यात भरल्या, आणि मग सांगितलं. गाडी पेडगावला थांबवली होती. बंदुकवाले डब्यांतून फिरले, काही गड्यांना खाली उतरवलं आणि आपल्या जुन्या क्वार्टरपुढं उभं केलं. "तिथं आपली तुळस व्हती तिथं," माय म्हणाली. "एक जन उतरंनाच. दोनी हातानं दांडी धरलेली. मारलं तरी सोडंना. मग एकानं त्याची बोटं उकलली." पुढं काय झालं ते तिनं पाहिलं नाही. गाडी सुटली आणि तिनं कान झाकून घेतले.

मी मायला झरीच्या बाईचं सांगितलं. मी खोटं बोलले हेही सांगितलं, आणि तुमच्यावर मी इतकी वर्षं राग धरला तोही. मायनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "तू मग बाहेर खेळाया गेलीस, तवाचं हाय. तुझ्या बापानं त्या गँगमनच्या बायकोला गाडी लेट हाय म्हनून सांगितलं, आन मला मागल्या दारानं पाठवलं. तिची सासू, तिचा भाऊ, शेजारच्या दोघी, समदे गोळा करून आन म्हनले. ट्रॉली यायच्या आत त्यांनी सोता तिला सांगितलं. मी तिला धरलं व्हतं. एकटीला सांगायचं नसतं, म्हनायचे." मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी ट्रॉली पाहिली, आणि अंगणात बसलेल्या त्या बायका कुणी बोलावल्या हे मनातही आलं नाही.

आज ती बाई स्टेशनात आली होती, चाचांनी शाळेत निरोप धाडला. पोर तापलंय तिचं. दुपारभर भिंतीला कान लावून बसली आणि विचारत होती, त्या शिकलेल्या बाई कुठं गेल्या, त्यांना कळतंय. मी गेले नाही. वर्ग आहे म्हणून कळवलं. आता मायनं ठरवलंय: सकाळी झरीला माणूस पाठवायचा, तिच्या भावाला बोलवून घ्यायचं, आणि मग आम्ही दोघींनी त्याला घेऊन स्टेशनात तिच्यापाशी जायचं. सांगायचं मी. मायचं म्हणणं, दांडीचं त्या बाईनं माझ्यापाशी सांगितलं, म्हणून माझ्या तोंडूनच ते तिला कळलं पाहिजे. वाक्य कसं बनवायचं ते मी मघापासून मनात जुळवतेय. मराठीत जुळत नाही, उर्दूत जुळत नाही. आणि ती गाडीतून उतरवलेली माणसं जिवंत असतील, असंही मधेच वाटतं. मग वाटतं, हा माझा धीर आहे की मीच पुन्हा डबा बाजूला काढतेय.

हे कागद मी कुठं पाठवणार? तुमचं ठिकाण कुठल्याच तारेवर नाही. डब्यात मेथ्यांखाली ठेवावेत असं वाटलं होतं, पण मायच्या हाताला लागतील.

आमच्यापासून वाईट खबर लपवताना तुम्हाला भीती वाटायची का, हे मला विचारायचं होतं. आता विचारत नाही, तुमच्या पाण्याच्या तांब्यावरून कळलं. फक्त एक सांगते, मायला सांगितलं नाही ते. उद्या त्या खोलीत मी जाणार आहे, पण ती बाई उद्या तिथं येऊ नये असं मला फार वाटतंय.