मी खणलेला चर

३ मार्च
घराच्या पाण्याचा विषय आजपासून माझ्या हातात. घर काळ्या मातीवर आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि तिच्या या श्वासोच्छ्वासात आमच्या भिंतींना तडे जातात. सध्या एकच तडा, मागच्या खोलीत. तिथे बाबा राहतात, म्हणजे तसं अर्जंट नाही. गवंडी येऊन गेला. म्हणाला, गच्चीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच पाणी ओततोय. तो लांब न्या, अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्या, दोन दिवसांचं काम आहे. ज्याला खरं काम येतं तो दोन दिवसांत करत नाही. चहा न देता वाटेला लावला.

५ मार्च, सकाळी ६.३०
प्लॅन तयार. भिंतीला लागून चर, कमरेइतका खोल, आत खडी. पाणी चरात उतरेल, जिरेल, विषय संपला. व्हिडिओत असंच झालं. तो व्हिडिओ रेताड जमिनीचा होता असं बायकोचं म्हणणं. माती ती माती.
बाबा चाळीस वर्षं रस्त्याच्या कामांवर मुकादम होते. काठीने अंगणात रेघ ओढून म्हणाले, पाणी असं बाहेर काढ, पायाशी साठवू नकोस. शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा माझा मोठा गुण. ते आत गेल्यावर रेघ पायाने पुसली.

६ मार्च
चर सहा फूट लांब झाला. कंबर धरली.

७ मार्च
आराम.

८ मार्च
आराम. मनातल्या मनात बरंच खणलं.

२ एप्रिल
चर पूर्ण! शेवटच्या चार फुटांत खडी नाही, संपली. तेच बाबांच्या खोलीकडचं टोक जरा जास्त खोल गेलं आहे. बायकोने विचारलं, मग पाणी बाहेर कसं जाणार? म्हटलं, पाण्याला अक्कल असते. ती म्हणाली, चला, घरात कुणाला तरी असू दे.

१४ मे
ऊन कडक. जमिनीला भेगा, हात जाईल एवढ्या. सगळ्यांत सिमेंट ओतलं. रस्त्यावरून जाताना गवंडी थांबला आणि ओरडून सांगू लागला, की पावसात माती फुगेल, तिला जागा लागेल, काढा ते. बोलावलं नसताना सल्ला देणाऱ्यांची मला कीव येते.

१८ जून
चार दिवस पाऊस. चराचं काम अप्रतिम. काठोकाठ भरला आहे आणि थेंबही कुठे जात नाही.

२० जून
बाबांच्या खोलीची फरशी मधोमध वर आली, चौकट तिरकी झाली. दार अडकलं. बाबा वीस मिनिटं आतून ठोकत होते. मी बाहेरून बजावलं की आतून कडी लावत जाऊ नका. ते म्हणाले, कडी दोन वर्षांपूर्वी तुटली, तुलाच सांगितलं होतं. पहारीने दार उघडलं. त्यांना बाथरूमला जायचं होतं म्हणे. वेळ टळून गेली होती. बायकोने फरशी पुसली. म्हातारपणी व्हायचंच.

२१ जून
उपाय सापडला. दारच काढून टाकलं, पडदा लावला. बाबा म्हणाले, कपडे बदलताना लाज वाटते. म्हटलं, घरचीच तर माणसं आहेत. ते भिंतीकडे तोंड करून सदरा बदलू लागले. पटलं असावं.

२७ जून
बाबा माझ्या चरात पडले. खुबा मोडला. चराला काही झालं नाही.
मी पडून वाचत होतो. बाहेरून दोनदा हाक आली. उताराबद्दलच सांगत असतील म्हणून उठलो नाही. ते गच्चीच्या पाइपाला लांब नळी जोडायला गेले होते. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, कुणी सांगितलं होतं? बायको कामावरून आली तेव्हा कळलं. पाऊण तास पाण्यात होते. छातीपर्यंत पाणी होतं असं ती म्हणते. साफ खोटं. चराची खोली मी स्वतः मोजली आहे. कमरेपर्यंत.
माणूस बसला असेल तर छातीपर्यंत येईल, हे मात्र खरं.

३ जुलै
चराची बाजू समजावून सांगायला कागदावर आकृती काढून हॉस्पिटलात गेलो. ताईने दारातच अडवलं. म्हणाली, बाबा झोपलेत. आतून ते नर्सशी हसत बोलत असलेले ऐकू आले. झोपेत बोलायची सवय त्यांना पूर्वी नव्हती.

२२ जुलै
बाबांना ताई तिच्या घरी घेऊन गेली. बायकोही मदतीला गेली, चार दिवसांसाठी. गरम कपडे आणि शिलाई मशीन घेऊन गेली. चार दिवसांत काय शिवणार आहे कोण जाणे.

१९ ऑगस्ट
मागची भिंत बाहेर झुकली. इंजिनिअर आला, खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. म्हणाला, उतरवावी लागेल. मग गवंडी माणसं घेऊन हजर. कुणी बोलावलं विचारलं, तर म्हणाला, वहिनींनी.

२६ ऑगस्ट
खोली गेली. चर मातीने बुजवून धुमसून घेतला. पाइप थेट रस्त्याच्या गटारापर्यंत नेला, अंगणाला उतार दिला. मी रोज तीन-चार सूचना केल्या. गवंडी मान डोलवायचा आणि बायकोला फोन करायचा.

५ सप्टेंबर
सकाळपासून धो धो पाऊस. अकराला फाटकाशी ताईची गाडी थांबली. मागच्या सीटवर बाबा, शेजारी बायको. कुणी उतरलं नाही. गवंडी खिडकीशी छत्री धरून उभा राहिला. अंगणातलं सगळं पाणी उतारावरून, गाडीच्या चाकांजवळून गटारात जात होतं. बाबा बराच वेळ ते बघत राहिले. मग हात बाहेर काढून त्यांनी गवंड्याच्या खांद्यावर ठेवला.
मूळ कल्पना माझीच होती हे सांगायला मी धावत गेलो. जवळ गेल्यावर वेगळंच तोंडातून निघालं. विचारलं, घरी कधी येणार? बाबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने समोरच्या काचेकडे. मग बाबा म्हणाले, आत जा, भिजशील.
गाडी गेली.
आत आलो. घर कोरडं ठणठणीत. कुठे नवा तडा गेलाय का बघायला एकेक भिंत तपासली.
एकही सापडला नाही. दोन तास शोधत होतो.