कन्हारीतला वाफा

१२ जुलै १९५६, दवनीवाडा

वाफ्यात काय लावायचं ते अजून ठरत नाही. दोन हात लांब, हातभर रुंद — एवढासा दारापुढचा तुकडा. माती कन्हार, काळी नि चिकट. पावसात पाय रुतला की ओढून काढावा लागतो, उन्हाळ्यात भेगेत बोट जातं. धानाला चांगली, फुलझाडाची वैरीण.

या घरची रीत — सुनेला सहावा लागला की तिनं इथे आपल्या हातानं एक झाड लावायचं. बाळंतपणानंतर नाळ त्याच्या मुळाशी पुरतात. झाड जगलं तर लेकरू जगतं म्हणे. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, मी हौसेनं मोगरा लावला. माहेरच्या रेताड मातीत कसा फुलायचा! इथे मुळं कुजली. पोरगी नऊ दिवस राहिली.

यंदा हौस नको. जगेल ते हवं.

१५ जुलै

सगळ्यांना विचारून झालं. गुलाब, शेवंती — पाणी साचलं की संपली. कन्हेर कुठेही जगते, पण विषारी. लेकराच्या नावानं विष कोण लावतं? हे म्हणाले, "कायबी लाव, मातीले काय समजते?" यांना धानाच्या रोवणीपुढे काही सुचत नाही.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जासवंद लाव. पाय ओले राहिले तरी कुरकुर करत नाही."

१९ जुलै

माती हातभर उकरली. राख, धानाचा कोंडा, शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच केला. जास्वंद लावली. तीन फांद्या गोठ्यामागे फुटक्या मडक्यांतही खोचून ठेवल्या. कोणाला सांगितलं नाही.

७ ऑगस्ट

पानं पिवळी पडली. पोटात सकाळपासून हालचाल नाही. सगळे रोवणीला गेल्यावर भरदुपारी जास्वंद उपटली आणि मडक्यातली आणून लावली. फसवणूक आहे, कळतं मला. पण कोणाची? मातीची?

संध्याकाळी पोटात लाथ बसली. खूप रडले.

२२ ऑगस्ट

खूण म्हणून खोडाला निळा दोरा बांधला होता. दोरा नाही. पानंही जास्त आहेत. हे माझं झाड नव्हे! माझी उरलेली दोन गोठ्यामागे तशीच आहेत, पाहून आले.

दिवसभर वाफ्याकडे पाठ करून बसवलं नाही.

२३ ऑगस्ट

सासूबाईंच्या लुगड्याला गुडघ्याशी कन्हार लागलेली. विचारलंच. आधी तोंड फिरवलं, मग म्हणाल्या, "पिवळं पडून राहिलं होतं. शेजारच्या गीताबाईकडून दुसरं आणलं. तुले काऊन भेव दाखवू?"

मीही माझं सांगून टाकलं. दोघी पोट धरून हसलो. "तुह्या नवऱ्याच्या वेळेले मी चार झाडं बदलली," त्या म्हणाल्या. "जगला ना?"

मनावरचं ओझं उतरलं.

११ ऑक्टोबर

जास्वंदीशेजारी एक कोंब वर आलाय. पान ओळखलं — मोगरा. जुना तर मी स्वतः मुळासकट खणून बोडीच्या पाण्यात टाकला होता.

सासूबाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "हा मी नाही लावला, नंदा."

मीही नाही.

३० ऑक्टोबर

जास्वंद गेली. मडक्यांतल्याही गेल्या. मोगऱ्याला कळी आहे. हा काही मोगऱ्याचा महिना नव्हे.

५ नोव्हेंबर

मुलगी झाली. खणखणीत रडली. रुख्मा दाईनं पुसून हातात दिली. डाव्या टाचेवर काळा डाग, बोटाच्या टोकाएवढा. "जन्माचं लासं आहे," रुख्मा म्हणाली, "चांगलं असते."

मागची गेली तेव्हा मी तिच्या डाव्या टाचेला काजळाचं बोट लावलं होतं. परत आली तर ओळखू यावी म्हणून. आमच्या आजीचं ऐकलेलं. या घरात कोणालाच ठाऊक नाही.

नाळ मोगऱ्याशी पुरली. दुसरं झाड होतंच कुठे?

१२ नोव्हेंबर

आठवा दिवस. दूध घेत नाही. सकाळपासून रडलीही नाही. मोगरा मात्र भरून फुललाय, वास खाटेपर्यंत येतो.

तीच आली असेल, तर तिला नऊच दिवस माहीत.

सासूबाई म्हणतात, झाडाला हात लावू नको, ते आहे तोवर पोरगी आहे. मी त्यांचा शब्द आजवर मोडला नाही. पण हे झाड माझ्या लेकीच्या वाटचं पिऊन राहिलंय असं मला वाटतं. भीती वाटते. फार भीती वाटते.

१३ नोव्हेंबर

बाळंतिणीनं बाहेर पडू नये म्हणतात. पडले. कन्हार वाळून दगड झाली होती. दोन नखं तुटली, पण मोगरा मुळासकट उपटला आणि चुलीत घातला.

सासूबाई दारात उभ्या होत्या.  पुढे होऊन त्यांनीच फुंकणीनं जाळ मोठा केला.

१४ नोव्हेंबर

दहावा दिवस. पोटभर प्यायली आणि झोपली.

टाच पाहिली. कोरी आहे. डाग माझ्या बोटावर आलाय — काजळ लावलं होतं त्याच. राखेनं घासला, निघत नाही.

असू दे.