खाडीवरचा पूल मंजूर झाला

पाटस, १५ मार्च १९७४

संध्याकाळी रेडिओवर ऐकलं, राज्याच्या अंदाजपत्रकात माझ्या माहेरच्या खाडीवरच्या पुलाला पैसे मंजूर झाले. बाबांनी हयातभर अर्ज केले तो पूल! आज ते असते तर गावभर पेढे वाटले असते. मग मला रडू का यावं?

लग्नाचा दिवस आठवला. इथून वऱ्हाड नटूनथटून गेलं ते नेमकं ओहोटीला पोचलं. होडी चिखलात रुतलेली, मुहूर्त टळत चाललेला. आबा, म्हणजे माझे सासरे, कालव्याच्या पाण्यावर शेती करणारे. ते होडीवाल्यावरच तडकले, "आरं, पाटकऱ्याला सांगा की पाणी सोडायला!" घरात अजून हसतात त्यावरून. तेवढ्यात पलीकडून बाबा गुडघाभर चिखल तुडवत आले आणि आबांशेजारी बसले. भरती येईपर्यंत दोघांच्या गप्पा काही संपेनात. मुहूर्त गेला तो गेलाच.

जेवताना म्हटलं, "आबा, आता चिखल बघत बसायला नको कुणाला."

आबांचा घास हातातच राहिला. "तवा पूल असता, पोरी, तर मला नुसता व्याही भेटला असता. तुझा बाप न्हाई."