ओसरीतला साहेब

मी, कचरू वल्द आबा पाथरवट, धर्म ख्रिस्ती, राहणार धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद, लिहून ठेवतो की माझी छाती भरते, दम लागतो, पण डोकं बिलकुल ठिकाणावर आहे. नशा नाही, कोणाची जबरदस्ती नाही. राग आहे. तो कायद्याच्या आड येत नाही, असं जालन्याच्या वकिलानं सांगितलं.

कलम पहिलं, घर. माझं दगडी घर, पुढच्या ओसरीसह, मी ख्रिस्ती मंडळीला तोंडी कबूल केलं होतं. दर रविवारची प्रार्थना त्याच ओसरीत होते. ती कबुली मी आज मोडतो. का मोडतो, तेही ऐका.

आधी मी देव घडवायचो. खंडोबा, मारुती, गावोगावचे. धर्मराज, आज मंडळीचा पाळक, म्हणजे उपदेशक, आणि मी, दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. या हातानं पुन्हा मूर्ती घडवायची न्हाई, असं वचन त्यानंच माझ्याकडून घेतलं. मी पाळलं. जाती-पाटे करून पोट भरलं. घरातला देव्हारा काढला, तेव्हा माझी थोरली बहीण झुंबरबाई देव पदरात घेऊन निघाली आणि गावाबाहेर खोपटात राहिली. सख्खी बहीण तुटली माझी!

मंग मिशनचा म्हातारा साहेब वारला. भला माणूस. त्याची तसबीर ओसरीत लागली. ठीक. मंग हार आला, उदबत्ती आली, बाया लेकरांची डोकी तिच्यापुढं टेकवायला लागल्या. मी बोललो तर धर्मराज म्हणतो, "अरे कचरू, पूजा कुठं करून राह्यलो? आठवण आहे ती." आठवणीपुढं नारळ फोडतात का रे? बायबलात आहे, मोशेनं पितळेचा साप देवाच्याच हुकमानं केला, लोकांचे जीव वाचावे म्हणून. पुढं लोक त्यालाच धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. हे मला धर्मराजनंच शिकवलं होतं.

औंदा त्यानं मलाच साहेबाचा दगडी पुतळा घडवायला सांगितला. मी न्हाई म्हणालो, तर मला प्रभुभोजनातून, मंडळीच्या भाकर-प्याल्यातून काढलं. माझ्याच घरात मला दाराबाहेर बसवलं! आणि पुतळा घडवला कोणी? माझ्या पोटच्या शमुवेलनं, माझ्याच हत्यारांनी. मी आत दुखण्यात पडल्तो, ठोके ऐकून राह्यलो. वाटलं, पोरगं जात्याला टाकी लावतंय. बरं वाटलं मला.

कलम दुसरं, हत्यारं. छिन्न्या, हातोडे, पहार, सगळं शमुवेलला. त्यालाही पोट आहे. माझ्या मातीला त्यानं यावं, खांदा द्यावा. थडग्यावर मात्र दगड ठेवू नये. त्याच्या हातचा दगड मला अंगावर नको.

कलम तिसरं. घर आणि ओसरी झुंबरबाईला. ती तिथं देव मांडणार, हे मला माहीत आहे. मूर्तीपुढं वाकणं पाप, हे माझं म्हणणं मरेपर्यंत कायम. पण तिनं देवाला देव म्हटलं, माझ्या तोंडावर म्हटलं. मला फसवलं न्हाई. दुखण्यात भाकर तीच आणून देते, धर्मराज एकदाही आला न्हाई.

मंडळीनं आपला दगडी साहेब ओसरीतून आठ दिवसांत उचलून न्यावा. राहिला, तर झुंबरबाई त्याला शेंदूर लावून आपल्या देवांत मांडील. तशी तिला माझी पूर्ण मुभा आहे.

मंडळीतलं कोणी साक्षीला आलं नाही.

सही : कचरू आबा पाथरवट
साक्षीदार : म्हस्कू वल्द रामकिसन, शेतकरी
साक्षीदार : शेख चांद वल्द शेख हुसेन, पिंजारी
मुक्काम धावडा, ११ फेब्रुवारी १९३७, फसली सन १३४६