तुमचा वाकडा खिळा

अहो, ऐकताय ना?

चार महिने झाले तुम्हाला जाऊन, मी एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण भांडायचंय. तिथून उलट बोलता येत नाही, बरं झालं!

खिडकीतला तो लाकडी बाबा, बाहुलाच म्हणा. लीड्सच्या हॉस्पिटलात तुमच्या जोडीनं ट्रॉल्या ढकलणाऱ्या जोसेफनं ठेवायला दिलेला, त्याच्या काँगोतल्या गावचा. अंगभर खिळे! "हे काय ध्यान?" विचारलं तर म्हणालात, "असू दे गं." एवढंच! देवानं तोंड कशाला दिलं होतं?

मग एक दिवस छातीच्या दुखण्यानं ट्रॉलीवरून तुम्हालाच नेलं. घरात मी आणि तो खिळेवाला. फोनकार्ड खरवडून गावी जाऊबाईंना विचारलं. "अगं बाई, बाहुल्याला खिळे म्हणजे करणीच! उपट आधी!"

पकडीनं एकेक उपटला. तिठ्यावर टाकावेत, तर इथं नुसते राउंडअबाउट. ठेवले बिस्किटाच्या डब्यात. तरी तुम्ही गेलातच.

काल जोसेफ आला. चहा तसाच ठेवून त्या भोकांवरून बोट फिरवत राहिला. "ममा, खिळे कुणी काढले?"

सांगितलं. रागावला नाही हो. म्हणाला, "आमच्याकडे शब्द दिला, भांडण मिटवलं, की याच्यासमोर खिळा ठोकतात. हा साक्षीदार. मोडला शब्द तर जाब विचारतो. हे माझ्या आजोबांच्या वेळचे शब्द आहेत, ममा. मी भाड्याच्या खोल्या बदलत फिरतो, म्हणून तुमच्याकडे ठेवला."

लाजेनं मान खाली गेली. त्याच्या वाडवडलांचे शब्द माझ्या बिस्किटाच्या डब्यात! आणि आपला संजू म्हणतो, "आई, फेकून दे ना ती वूडू डॉल, क्रीपी आहे." आपल्या देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या टाकांना कुणी खेळणं म्हटलं तर?

जोसेफनं खिळे मांडले. सगळे काळे, गंजलेले. एकच चकचकीत, मधेच वाकलेला. सांगायला कशाला हवं कुणाचा? जन्मात एक खिळा सरळ ठोकलात?

"त्यांनी कसला शब्द दिला होता रे?"

जोसेफ खाली बघत म्हणाला, "सिगारेट सोडायचा."

"मी उपटला, म्हणून गेले का रे ते?"

"नाही, ममा. शब्द आधीच मोडला होता."

वा! म्हणजे शेडमध्ये कुंड्यांमागे सापडलेलं पाकीट तुमचंच! मी घरभर करणी शोधतेय, आणि करणी तुमच्या खिशात! शपथ घ्यायला लाकूड बरं, बायको नको? मी काय खिळ्यापेक्षा कमी टोचले असते?

आजोबांचे खिळे जोसेफनं त्यांच्या त्यांच्या भोकात परत बसवले. तुमचा मी बसवू दिला नाही. राहू दे डब्यात, तसाच वाकडा.

त्या जागी मी माझा ठोकला. "कसला शब्द, ममा?" जोसेफनं विचारलं. त्याला नाही सांगितलं. तुम्हाला सांगते: मी आहे तोवर या बाबाला कुणी घराबाहेर काढणार नाही. आणि तुम्ही भेटेपर्यंत तुमच्यावरचा राग सोडणार नाही.

सरळ ठोकलाय.

तुमचीच,
अजून फुगलेली
सुमन