चाळीस पुस्तकांच्या माफीची दरख्वास्त

सेलू, ३ ऑगस्ट १९३७, मंगळवार

पुण्याहून वाचनालयाचं पार्सल आलं. चाळीस पुस्तकं. स्टेशनावरच्या करोडगिरीच्या नाक्याने अडवून ठेवलं. जकात भरा, नाहीतर माफीचा हुकूम आणा, म्हणाले. शाळा, धर्मशाळा, वाचनालय अशा लोकोपयोगी संस्थांना माफी मिळते. म्हणजे प्रश्न फक्त एका अर्जाचा. आणि सेलूत अर्ज म्हटलं की कोण? मीच. वीस वर्षं कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितोय. माझी उर्दू वाचून परभणीचे साहेब लोक मान डोलावतात, असं कुणीतरी सांगितलेलं आहे. कुणी ते आता आठवत नाही.

संध्याकाळी कमिटी भरली. अध्यक्ष बन्सीधरशेठ, कापसाचे अडते, म्हणाले, व्यंकटराव, जकात भरून मोकळे होऊ, लय काही नाही, मी भरतो. मी उभं राहून विरोध केला. प्रश्न तत्त्वाचा आहे. सेक्रेटरी या नात्याने शब्द दिला: आठ दिवसांत माफी आणतो.

५ ऑगस्ट

अर्ज पूर्ण. चार पानं. पहिली दोन पानं नुसते अलकाब, म्हणजे साहेबांच्या पदव्या आणि त्यांची तारीफ. हे सगळ्यांना जमत नाही. मंडळीला, म्हणजे कमलबाईला, वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला. तिने विचारलं की, समदं चांगलं हाय, पण पुस्तकं मागितलीत ती कुठं? मी म्हटलं, तिसऱ्या पानावर, खालच्या बाजूला. ती भाकरी थापायला गेली. तिला या गोष्टींत गती नाही.

६ ऑगस्ट, जुम्मा

कचेरी बंद. आराम. उद्यापासून रोज एक तास इंग्रजी शिकायचं ठरवलं.

७ ऑगस्ट

इंग्रजी सोमवारपासून.

१२ ऑगस्ट

आठ दिवस होऊन गेले. उत्तर नाही. पण एक गोष्ट घडली. चंद्रभानराव देशमुखांनी गेल्या वर्षी एक मंडळ काढलं आहे, 'खैरख्वाह सभा', म्हणजे राजनिष्ठांची. हैदराबादच्या हुजूर सरकारच्या वाढदिवसाला कमान उभारायची, दौऱ्यावरच्या साहेबाला हार घालायचा, हे त्यांचं काम. त्यांचंही पार्सल काल आलं. हार्मोनियम, दोन कॅरम, गादीच्या सहा खुर्च्या. 'इल्मी सामान', म्हणजे ज्ञानाचं साहित्य, म्हणून दुपारच्या आत माफीसह सुटलं.

बन्सीधरशेठ तापले. म्हणाले, ते तारीफ करायलेत, आपण वर्तमानपत्र वाचायलाव. नाक्यावर मापं दोन हायत, व्यंकटराव, तुमाला दिसंना का? मी समजावलं की सरकारी कचेरी अशी पक्षपाती नसते. त्यांचा अर्ज लहान असणार, म्हणून आधी वाचून झाला. खुर्चीवर बसून माणूस ज्ञानच घेतो ना? शेठजींना पटलं नाही. व्यापारी माणूस, कायद्याचं अंग नाही.

पुढचा अर्ज तीनच पानांत बसवायचा.

१९ ऑगस्ट

उत्तर आलं! सात प्रश्न विचारलेत. संस्था कधी निघाली, मेंबर किती, त्यांची नावं, बापाची नावं, धंदे, वर्तमानपत्रं कोणती येतात, आणि लोकांना फायदा काय. म्हणजे अर्ज वाचला. शेवटपर्यंत वाचला. मी कमलबाईला सांगितलं, ती म्हणाली, बरं.

२१ ऑगस्ट

सकाळी भुजंग मास्तर घरी आले. सरकारी शाळेत मराठीचे मास्तर आहेत. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर बसून पुण्याचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, कारण ऐकणाऱ्यांत अक्षर ओळखणारे फार थोडे. खेड्यापाड्यांतून माणसं येतात. आश्रुबा तर दोन कोस चालत येतो, आणि मागच्या अंकात कुठपर्यंत आलं होतं ते मास्तरांनाच सांगतो.

मास्तर चहा न घेताच बोलले. मेंबरांची नावं मागितलीत असं ऐकलं. माझं नाव कुठंच येऊ देऊ नका. सरकारी नोकराने असल्या जागी बसायचं नाही असा हुकूम हाय. परवानगीवाचून माणसं जमवायची नाहीत असाही हाय. घरात आई हाय, तीन पोरी हायत. नोकरी गेली तर मी काय करू, सांगा.

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. नाव येणार नाही म्हणजे नाही.

२३ ऑगस्ट

उत्तरं रवाना. मेंबर खरे एकोणीस. पण एकोणीस आकडा अर्जात फार बारीक दिसतो. एकसष्ट लिहिले. खोटं काही नाही, जे मेंबर होऊ शकतील अशांची नावं घातली. एक जण मागच्या उन्हाळ्यात वारले, पण त्यांचा लोभ शेवटपर्यंत होता. भुजंग मास्तरांचं नाव गाळलं. शब्द म्हणजे शब्द.

२ सप्टेंबर

आणखी चौदा प्रश्न! वर्तमानपत्र कोणतं मागवायचं हे कोण ठरवतं. भिंतीवर कुणाच्या तसबिरी आहेत. गणपतीत कोणती पदं म्हणतात, त्यांत राजकारणाचं काही असतं का. बैठकीच्या सुरुवातीला प्रार्थना होते का, कोणती, कोण म्हणतो. बाहेरगावचे पाहुणे येतात का, कुणाकडे उतरतात.

इतका रस आजवर कुणी घेतला नव्हता आमच्या संस्थेत. खुद्द कमिटीसुद्धा घेत नाही.

बन्सीधरशेठ म्हणाले, हे काय जकातीचे सवाल हायत का? देशमुखाला इचारले का हे? त्याच्या भिंतीवर कोण टांगलंय ते? अजून सांगतो, जकात भरू आणि पार्सल उचलू. मी म्हटलं, आता? एवढ्या जवळ येऊन? ते उठून गेले, टोपी विसरली. नेऊन दिली.

रात्री जेवताना कमलबाई म्हणाली, तुमी लिवता लय चांगलं. पण तुमाला कुणी एक इचारलं तर तुमी चार सांगता. आमटी चांगली झाली होती.

६ सप्टेंबर

प्रश्न अकरावा: ज्यांना वाचता येत नाही अशा रयतेला या संस्थेचा काय फायदा?

हा प्रश्न पाहताच ओळखलं की माफी इथे आहे. साहेबाने स्वतः दार उघडून दिलंय. सबंध दिवस दुसरं काम घेतलं नाही. दोन गिऱ्हाईकं परत पाठवली. संध्याकाळी जे वाक्य उतरलं ते माझ्या वीस वर्षांतलं सगळ्यात सुंदर उर्दू वाक्य. मराठीत त्याची मजा नाही, पण अर्थ असा: 'रोज तिन्हीसांजेला तीस-चाळीस अडाणी रयत दूरदूरच्या गावांहून ज्ञानाच्या दिव्याभोवती जमा होते, आणि सरकारी मदरशाचा एक विद्वान उस्ताद त्यांना साऱ्या दुनियेची खबर ऐकवतो.'

नाव घातलेलं नाही. नुसतं 'एक विद्वान उस्ताद'. मास्तरांना कळलं तर मनातून खूष होतील. विद्वान म्हणून त्यांना आजवर कुणी म्हटलेलं नाही.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

वाचनालयात गणपती बसवला. पदं जपून निवडली. मन फार प्रसन्न. माफी याच महिन्यात.

१५ सप्टेंबर

आज एक नवे वाचक आले. पोलिसांचे जमादार. ओट्यावर कडेला बसले, मास्तरांचं वाचन ऐकलं, मग सगळ्यांची नावं-गावं आदबीने विचारून वहीत लिहून घेतली. मी पुढे होऊन त्यांना तिथल्या तिथे मेंबर करून घेतलं. सरकारी खात्यातला माणूस मेंबर असला की वजन पडतं.

मास्तरांनी अर्ध्यातच वर्तमानपत्राची घडी घातली. आश्रुबा उठला. म्हणाला, म्हशीची धार काढायची राहिली, जातो. पाठोपाठ बाकीचेही उठले. एवढ्या सगळ्यांच्या म्हशी एकाच वेळी कशा, कळलं नाही.

१६ सप्टेंबर

ओट्यावर मी आणि जमादार. मी वाचून दाखवलं. त्यांना झोप लागली.

२० सप्टेंबर

जमादार माझी एकसष्टची लिस्ट घेऊन घरोघर गेले म्हणे. सकाळपासून माझ्याकडे रांग. पंडित सोनार रस्त्यातच ओरडला, मला मेंबर केलं कवा? मी वाचनालयाचं तोंड बगितलं न्हाई! वारलेल्या गृहस्थांच्या विधवा पारूबाईंनी तर निरोप धाडला की, मेलेल्या माणसाला का ओढता चौकशीत? निरोप आणणारा म्हणाला, बाई रडायल्यात. वाईट वाटलं.

संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न राजीनामे. काही जणांना राजीनामा लिहिता येत नव्हता, त्यांना मीच लिहून दिला. मजकूर चांगला साधला.

२३ सप्टेंबर

बन्सीधरशेठचाही राजीनामा. त्यांच्या कापसाच्या गाठी चार दिवसांपासून नाक्यावर अडकल्यात. देशमुखांच्या गाठी शेजारून गेल्या. शेठजी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, मला पोटापाण्याचं बघायचंय, व्यंकटराव. तुमी भले माणूस हाव, पण तुमचा अर्ज लय महाग पडला.

पहिल्यांदाच मनात आलं की मापं खरंच दोन असतील काय. मग विचार केला, साहेब परभणीत बसतात, त्यांना इथलं काय माहीत. माझा आणखी एक अर्ज गेला की उलगडा होईल. अर्ज सुरू केला. अलकाबापर्यंत आलो.

३० सप्टेंबर

हुकूम आला. चौकशीअंती संस्थेचे मेंबर फक्त दोन आढळले, सेक्रेटरी आणि जमादार. दोन माणसांची संस्था होत नाही. सबब माफी नामंजूर. खासगी इसमाने एवढी पुस्तकं कशासाठी मागवली, हा वेगळा प्रश्न. पुस्तकं तालुक्यातल्या एखाद्या मान्य संस्थेला द्यावीत.

म्हणजे खैरख्वाह सभा.

निदान गावाबाहेर तरी गेली नाहीत. जाऊन पाहून आलो. चंद्रभानरावांनी काचेच्या कपाटात छान लावून ठेवलीत. कुलूप आहे. मी विचारलं, वाचायला मिळतील का? ते म्हणाले, अवश्य, रीतसर अर्ज करा.

हैदराबादला अपील करायचं का? कागद आणला. परत ठेवला.

५ ऑक्टोबर

वाचनालयाच्या दाराला कडी. ओट्यावर आश्रुबा एकटा बसलेला. त्याला जमादाराचं भय उरलं नव्हतं, किंवा सवय सुटत नव्हती. विचारलं की, मास्तर येणार हायत का न्हाई? मी वाचून दाखवू म्हटलं, तर म्हणाला, ऱ्हाऊ द्या, तुमचं मला समजत न्हाई. आणि दोन कोस परत गेला.

८ ऑक्टोबर

भुजंग मास्तर दुपारी आले. हातात सरकारी कागद. म्हणाले, माझी उर्दू परीक्षेपुरती, हे घाईत लिहिलेलं मला लागंना गेलंय. तुमच्याशिवाय गावात कोण वाचणार? जरा वाचून सांगा.

बदलीचा हुकूम. वरंगलच्या पलीकडचं एक खेडं. मास्तरांना तेलुगूचं अक्षर येत नाही. पगार एक पायरी खाली. आठवड्यात हजर व्हायचं. मी हे सगळं हळूहळू सांगितलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. एवढंच म्हणाले की, आईला तेवढा प्रवास झेपायचा न्हाई.

मग कारण वाचायला लागलो. मजकूर ओळखीचा वाटला. 'रोज तिन्हीसांजेला तीस-चाळीस अडाणी रयत दूरदूरच्या गावांहून...' पूर्ण वाक्य. कानामात्रेचा फरक नाही. खाली लिहिलेलं की, सेलूच्या मदरशात मराठीचा उस्ताद एकच आहे, सबब ओळख पटवण्याची गरज नाही.

हे लिहायला लाज वाटते, पण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. ते वाक्य हुकुमात पाहिलं तेव्हा पहिल्या क्षणी मला आनंद झाला. साहेबाने एक शब्द बदलला नव्हता.

मास्तरांना म्हटलं, कारण काही नीट लागत नाही, परवानगीविना लोक जमवले असं काहीतरी आहे. ते म्हणाले, पण आत कुणीतरी सांगितलं असणार ना? कोण असंल हो? मी म्हटलं, काय सांगावं. कमलबाई दारात उभी होती. ती आत गेली.

९ ऑक्टोबर

मास्तर सकाळीच आले. बदली रद्द करण्याचा अर्ज लिहून द्या म्हणाले. तुमच्या हातचा असला तर वर ऐकतील. मी चटई टाकली, दौत घेतली. अलकाब लिहिले. या वेळी दोनच ओळी.

पुढे एकच गोष्ट लिहायला हवी होती. सेक्रेटरीने माफीच्या लोभाने जे लिहिलं ते फुगवून लिहिलेलं आहे, या मास्तरांचा त्यात काही दोष नाही. साधं वाक्य. माझ्याकडे येणारा अडाण्यातला अडाणी माणूसही असं वाक्य सांगू शकतो. वीस वर्षं लोकांच्या अशाच कबुल्या मी लिहितोय.

टाक तीनदा बुडवला. उतरत नव्हतं. उर्दूत नाही, म्हणून मनात मराठीत जुळवून पाहिलं, तरी नाही.

मास्तर समोर मांडी घालून बसले होते. म्हणाले, सावकाश लिहा, मला घाई न्हाई. चांगलं व्हायला वेळ लागतोच.