तुझा हात राहू दे

जळगाव

प्रिय युवराज,

फोन केला असता तर 'बरं, बरं' करून तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहायला बसले. तुझा निरोप तुझ्या मृणालीनं पोचवला. लेकीच्या तोंडून निरोप धाडायची वेळ आली का रे आपल्यावर? 'मना हात तठून काढी टाक, बठ्ठं तूच वाजाड,' असं म्हणालास म्हणे. म्हणजे तुझा भाग काढायचा आणि सगळं मी एकटीनं वाजवायचं. रेकॉर्डिंगवाला स्वप्नील अडून बसलाय. तुझा होकार आल्याशिवाय तो आपला अल्बम बाहेर काढणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

हे कशानं झालं ते मला ठाऊक आहे. धुळ्याला तुला 'नाना' म्हणणाऱ्या तुझ्या बँडवाल्यांना तू अल्बम ऐकवलास आणि तो ढोलवाला भिकन हसला. बाईंचं गाणं संपलं तरी नाना वाजवतोच आहे, वरात अजून मांडवात पोचली नाही वाटतं, असं काहीतरी. हसणारच तो. उभा जन्म तू गाडीवर कीबोर्ड बांधून वरातीपुढे वाजवलंस. नवरदेव मांडवात शिरेपर्यंत बँडनं थांबायचं नाही, हे तुझ्या बोटांत मुरलंय. मी पडले शाळेत पियानो शिकवणारी. कागदावर शेवटची रेघ आली की हात मांडीवर. म्हणून प्रत्येक तुकड्यात मी थांबते आणि तू एकटाच पुढे रेंगाळत जातोस. स्वप्नील ते कापायला निघाला होता, मीच कापू दिलं नाही. मला ते फार आवडतं.

भुसावळला रेल्वेच्या हॉलमधल्या त्या खिळखिळ्या पियानोवर शेजारी बसायचो, तेव्हाही आपलं हेच भांडण. मी म्हणायचे संपलं, तू म्हणायचास अजून कुठं. निवृत्त गार्डकाकांनी जाझच्या तबकड्या ऐकवल्या आणि आपल्या दोघांना ते खूळ लागलं. पुढे आपण आपापल्या घरच्यांच्या पसंतीनं लग्नं केली. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र मजा आली. तू एसटीनं यायचास. स्वप्नीलच्या स्टुडिओखालच्या मजल्यावर केळी पिकवायच्या खोलीचं मशीन सुरू झालं की रेकॉर्डिंग बंद, आणि आपण शेंगा सोलत बसायचो. इतकं निवांत मी कधी वाजवलं नव्हतं. आयुष्यभर परीक्षेला बसल्यासारखंच वाजवत आले.

बाकी इथं ठीक. उन्हानं जीव नकोसा केलाय. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. शाळा मी सोडली. सकाळी उठते तीच दमलेली असते. भाजी निवडायची म्हटलं तरी डोंगर वाटतो.

आता मुद्द्याचं. तुझा भाग काढून मी ऐकून पाहिलं. मी मध्येमध्ये नुसती गप्प बसलेली आहे, तुझ्यासाठी जागा सोडून. तसं ठेवता येत नाही. तू म्हणतोस तसं सगळं पुन्हा एकटीनं वाजवायचं, तर ते आता जमणार नाही. उजवा हात कापतो माझा. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. शाळा त्यासाठीच सोडली. हे पत्रही थांबत थांबत लिहितेय, अक्षरावरून तुला कळलंच असेल. मुलाला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते. म्हणजे वाजवून ठेवलंय तेवढंच आपलं. तुझा हात काढला तर अल्बमच नाही. पण माझी कीव येऊन हो म्हणायचं नाही, ते मला खपणार नाही. दार लावून, भिकनला बाहेर बसवून, एकदा सगळं नीट ऐक. वाईट वाटलं तर खुशाल नाही म्हण. आवडलं तर स्वप्नीलला फोन कर. मला लगेच करू नकोस, मला रडू येईल.

तुझीच भांडकुदळ,
संघमित्रा